बी.एड.च्या पाठांसाठी सोलापुरात मिळणारा 'सोशलचा सेट': काय घ्यावे, काय दुकानातच राहू द्यावे

इतिहास किंवा भूगोल ही अध्यापन पद्धती घेतलेल्या छात्राध्यापकाची (बी.एड.च्या विद्यार्थ्याची), सराव पाठांचे वेळापत्रक लागले की पहिली धाव स्टेशनरीच्या दुकानाकडे असते. नवी पेठ आणि टिळक चौकाच्या भागात 'सोशलचा', म्हणजे सामाजिक शास्त्रांचा, सेट मागितला की एक ठरलेला गठ्ठा काउंटरवर येतो: भारताचा आणि महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा, एक छोटा पृथ्वीगोल, फ्लेक्सचे तीन-चार तक्ते, गुंडाळफळा (गुंडाळून नेता येणारा फळा), छापील रकान्यांची टाचण वही (पाठाचे नियोजन लिहायची) आणि, हळूच विचारले तर, आधीच लिहून ठेवलेली टाचणे. खर्च जीवघेणा नाही, पण यातले निम्मे सामान पहिल्या पाठानंतर कपाटावर जाते. कारण सरळ आहे. पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात 'शैक्षणिक साधनांचा वापर' असा एक रकाना असतो आणि हा बाजार त्या रकान्यावर चालतो. साधन भिंतीवर टांगलेले दिसले की खूण होते, मुलाने त्याला हात लावला की नाही हे कोणी फारसे विचारत नाही.

2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतली इंटर्नशिप एकूण 20 आठवड्यांची, त्यातले 16 आठवडे दुसऱ्या वर्षात. म्हणजे साहित्य एका पाठापुरते नाही, अख्ख्या सत्रभर, दोन-तीन इयत्तांत आणि रोज पिशवीतून नेऊन वापरायचे आहे. खालचे मत त्या हिशेबाने आहे. सूक्ष्म अध्यापनाला, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठाला, यातले काहीही लागत नाही. अध्यापन 6 मिनिटे, प्रत्याभरण (फीडबॅक) 6, पुनर्नियोजन 12, पुनरध्यापन 6 आणि पुन्हा प्रत्याभरण 6, अशा 36 मिनिटांच्या चक्रात खडू आणि एक नेमका प्रश्न पुरतो. सहा मिनिटांत नकाशा उलगडून टांगायलाच दीड मिनिट जाते.

भिंतीवरच्या नकाशांपासून सुरुवात करू. दुकानात 70 बाय 100 सेंटिमीटरचा आकार सर्वात जास्त चालतो आणि वर्गासाठी तो ठीक आहे. त्यावर भारत उत्तर-दक्षिण साधारण 70 सेंटिमीटर येतो. घेताना पहिली तपासणी तारखेची. 28 राज्ये आणि 8 केंद्रशासित प्रदेश दिसले पाहिजेत. जम्मू-काश्मीर आणि लडाख 31 ऑक्टोबर 2019 ला वेगळे झाले, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव 26 जानेवारी 2020 ला एक झाले. जुना साठा अजून खपवला जातो, गुंडाळीच्या आत कोण बघणार, म्हणून. महाराष्ट्राच्या नकाशात 36 जिल्हे हवेत (पालघर 1 ऑगस्ट 2014 पासून), आणि सोलापुरात वापरायचा असेल तर शेजारच्या जिल्ह्यांची नावे आधी वाचावीत. आपल्या जिल्ह्याला लागून धाराशिव आणि अहिल्यानगर आहेत. नकाशात उस्मानाबाद आणि अहमदनगर छापलेले असले तर मुले नकाशा सोडून त्यावरच बोलत बसतात. असा नकाशा आधीच घरात असेल तर फेकू नका, नावावर पांढरी पट्टी चिकटवून नवे नाव लिहा आणि नाव कधी, कसे बदलले हा नागरिकशास्त्राचा पाच मिनिटांचा प्रश्न करा. नवा विकत घ्यायचा असेल तर मात्र दुकानदाराला परत द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मागितल्याशिवाय दुकानदार राजकीय नकाशाच काढतो. घ्यायचा तो प्राकृतिक. राजकीय नकाशावर 'कुठे आहे' एवढेच विचारता येते, प्राकृतिक नकाशावर 'असे का' विचारता येते. महाबळेश्वर आणि सोलापूर जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, सरळ रेषेत साधारण 240 किलोमीटर अंतर. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इकडे हजाराच्याही पुष्कळ खाली. मुलाने बोट पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवले, सह्याद्रीचा तपकिरी पट्टा ओलांडला आणि रंग बदलला, की पर्जन्यछाया हा शब्द त्याला आपसूक लागतो. राजकीय नकाशात तिथे फक्त सातारा संपतो आणि सोलापूर सुरू होते.

चकचकीत लॅमिनेशन टाळावे. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर टांगला की अर्ध्या वर्गाला फक्त उजेड दिसतो. वर-खाली लाकडी पट्टी असलेला घ्यावा, प्लास्टिकची पट्टी उन्हाळ्यात वाकते आणि नकाशाला पोट येते. आणि पिशवीत सुतळी व दोन आकडे ठेवावेत, वर्गात खिळा हवा तिथे असतोच असे नाही.

फ्लेक्सच्या तक्त्यांबद्दल थोडक्यात: नको. ते चौरस फुटावर छापून मिळतात म्हणून माणूस एकाच तक्त्यात सगळा धडा कोंबतो. वर्गातला शेवटचा बाक सात-आठ मीटरवर असतो. तिथून वाचायला देवनागरी अक्षर किमान अडीच सेंटिमीटर उंच हवे, मात्रा-वेलांट्या धरून त्याहून थोडे जास्तच. या मापाने 56 बाय 71 सेंटिमीटरच्या कार्डशीटवर सात-आठ ओळींपेक्षा जास्त मावत नाही, आणि तेवढेच लिहावे. फ्लेक्सवर खडू चालत नाही, पेन चालत नाही, चूक दुरुस्त होत नाही.

गुंडाळफळा मात्र या सगळ्या गठ्ठ्यातली सर्वात उपयोगी वस्तू आहे, आणि सर्वात कमी वापरली जाणारी. बहुतेक जण त्यावर पाठाचे नाव आणि इयत्ता लिहून मोकळे होतात. 90 बाय 120 सेंटिमीटरचा घ्यावा, शक्य असेल तर दोन. एकावर महाराष्ट्राचा आराखडा पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाने कायमचा काढून ठेवायचा, आतले सगळे रोज खडूने. प्रमाण 1 सेंटिमीटरला 10 किलोमीटर धरावे. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे 800 आणि उत्तर-दक्षिण सुमारे 700 किलोमीटर आहे, म्हणजे चित्र साधारण 80 बाय 70 सेंटिमीटरचे होते, चहूबाजूंनी समास राहतो आणि हिशेब तोंडी करता येतो. छापील आराखड्यावर चौकोनांची जाळी आखावी, फळ्यावर तितक्याच चौकोनांची जाळी खडूने हलकी मारावी आणि चौकोनामागून चौकोन रेषा उतरवावी. कोकणच्या किनाऱ्यावर घाई होते आणि पूर्वेला गोंदिया-गडचिरोलीचे टोक आखूड पडते. या दोन जागा पुन्हा मोजून घ्याव्यात. रंग एका जाड थरात न देता दोन पातळ थरांत द्यावा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. गुंडाळताना चित्राची बाजू बाहेर ठेवावी. आत ठेवली की रंगाला सुरकुत्या पडतात आणि महिन्याभरात पोपडे निघतात. पुसायला कोरडे फडके, ओले नाही.

या फळ्यावर एक दोरा आणि मोजपट्टी दिली की मुले सोलापूर ते पुणे साधारण 24 सेंटिमीटर मोजतात, म्हणजे 240 किलोमीटर. मग रस्त्याचे अंतर त्याहून जास्त का, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. भीमाशंकरपासून भीमा खडूने काढायला सांगितली की उजनी, पंढरपूर ही नावे मुले स्वतः भरतात. सीना नदी भीमेला कुठे मिळते यावर हमखास वाद होतो. उत्तर हत्तरसंग कुडल, आणि तिथेच शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. एकाच बिंदूवर भूगोल आणि इतिहास दोन्ही सापडतात. तयार नकाशात हे गाव बहुधा नसतेच.

पृथ्वीगोल घेताना सेटमधला 20 सेंटिमीटरचा गोल परत करा. त्यावर काश्मीर ते कन्याकुमारी जेमतेम 5 सेंटिमीटर येते. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला तो निळा चेंडू दिसतो. 30 सेंटिमीटरच्या गोलावर हेच अंतर साडेसात सेंटिमीटर होते आणि प्रमाण 1 सेंटिमीटरला सुमारे 425 किलोमीटर पडते. दुकानातच चार गोष्टी तपासा. आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे का, हे मोबाइलमधल्या कोनमापकावर कळते. विषुववृत्तावरच्या सांध्यात दक्षिण अमेरिकेचा किनारा वर-खाली सरकलेला आहे का. गोल फिरवून सोडल्यावर ध्रुवावरच्या स्क्रूपाशी डगमगतो का, कारण तो स्क्रू सैल पडला की गोल कायमचा निकामी. आणि भारताची सीमा. बाहेरून आलेल्या खेळण्यातल्या गोलांवर काश्मीर चुकीचे असते आणि चुकीची सीमा छापणे आपल्याकडे गुन्हा आहे, वर्गात तो नेऊच नये. आत दिवा असलेला गोल दिसायला छान, पण दिवसाच्या वर्गात त्याचा काही उपयोग नाही. उजेड बाहेरून, टॉर्चने पडायला हवा, तरच दिवस-रात्र दिसते. उंचसखल पृष्ठभागाचा गोल तर दिशाभूलच करतो: 30 सेंटिमीटरच्या गोलावर एव्हरेस्ट खऱ्या प्रमाणात 0.2 मिलिमीटर येईल, बोटाला जेमतेम जाणवेल.

गोलावर सोलापूरच्या जागी टिकलीएवढा स्टिकर लावा. रेखांश साधारण 75°54′. भारताची प्रमाणवेळ 82°30′ वर. फरक 6°36′, दर अंशाला 4 मिनिटे, म्हणजे आपला खरा मध्यान्ह घड्याळात बारा वाजून सुमारे 26 मिनिटांनी. शाळेच्या मैदानात काठी रोवून सर्वात आखूड सावली कधी पडते हे मुलांना पाहू द्या. वर्षभरात यात पाव तासापर्यंत फरक पडतो, म्हणून नेमके 12.26 येण्याचा आग्रह धरू नये आणि टाचणातही तसे लिहू नये. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा ढग. हा प्रयोग वेळापत्रकावर विसंबून ठेवला की हमखास फसतो.

आता दुकानात न मिळणारी, पण या सगळ्यापेक्षा मोलाची वस्तू. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात. सोलापूर शहर जुन्या क्रमांकाप्रमाणे 47 ओ/14 या पत्रकात येते. एक पत्रक 15 मिनिटे अक्षांश आणि 15 मिनिटे रेखांश दाखवते, म्हणजे जमिनीवर सुमारे 26 बाय 28 किलोमीटर आणि कागदावर सुमारे 53 बाय 55 सेंटिमीटर. इथे झेरॉक्सच्या दुकानात घोटाळा होतो. ऑपरेटर सवयीने पान बसवून छापतो, नकाशा ए-फोरवर आकसतो आणि 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर हे प्रमाण खोटे ठरते. पूर्ण पत्रक हवे असेल तर जिथे बांधकामाचे आराखडे प्लॉटरवर निघतात तिथे ए-वन आकारात छापून घ्यावे. गटकार्यासाठी ए-फोरवर 19 बाय 27 सेंटिमीटरचा तुकडा पुरे, त्यात साडेनऊ बाय साडेतेरा किलोमीटरचा भाग मावतो. छापताना शंभर टक्के आकार सांगावा आणि पैसे देण्याआधी रेषाप्रमाणावर मोजपट्टी ठेवून बघावी. छपाई रंगीतच हवी. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) तपकिरी, पाणी निळे, वस्ती लाल. काळ्या-पांढऱ्यात ओढा आणि समोच्च रेषा एकच दिसतात आणि पाठ तिथेच संपतो.

हे पत्रक सांकेतिक खुणा, दिशा, नकाशाप्रमाण आणि आठवी-दहावीच्या क्षेत्रभेटीच्या तयारीसाठी उत्तम. मुलांना आपली पेठ, तलाव, रेल्वेमार्ग ओळखीचे असतात, म्हणून खुणा पाठ कराव्या लागत नाहीत. पण सातवीतल्या समोच्च रेषांच्या पाठाला ते वापरू नका. सोलापूरचा परिसर इतका सपाट आहे की 20 मीटरच्या अंतराने काढलेल्या रेषा एकमेकींपासून दूर दूर पडतात, टेकडी, खिंड, कडा यातले काही दिसत नाही. त्या पाठासाठी बार्शीकडे बालाघाटाच्या रांगा किंवा माळशिरसच्या बाजूला महादेवाच्या डोंगररांगा असलेले पत्रक उतरवावे. त्यावरून थरांची प्रतिकृती करायची तर 5 मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा दर 20 मीटरला एक थर असा लावावा. मात्र 1:50,000 वर 20 मीटर म्हणजे 0.4 मिलिमीटर. म्हणजे आपली टेकडी साडेबारा पट उंच झाली. हे मुलांना सांगायचे राहून गेले की डोंगराविषयीची चुकीची कल्पना पक्की होते. बाजारातली थर्माकोलची तयार प्रतिकृती याबद्दल कधी काही सांगत नाही, आणि बसमधून नेताना तिचा कोपरा तुटतो तो वेगळाच.

कालरेषेचे छापील तक्ते दिसायला आकर्षक, आतून चुकीचे. 1630, 1674, 1818, 1857, 1947 या तारखा त्यावर सारख्या अंतरावर असतात. मग कालरेषा आणि यादी यांत फरक काय राहिला? बिलाच्या मशीनचा साधा कागदी रोल घ्या. थर्मल नको, त्यावर पेन्सिल नीट उठत नाही आणि उष्णतेने तो काळवंडतो. दोन मीटरची पट्टी कापा, 1 सेंटिमीटरला 5 वर्षे धरा, डावे टोक इसवी सन 1000. कुडलचा शिलालेख 3.6 सेंटिमीटरवर येतो, शिवाजी महाराजांचा जन्म 126 वर, पेशवाईचा शेवट 163.6 वर, सोलापूरची जुनी गिरणी (1877) 175.4 वर, मार्शल लॉचे (लष्करी अंमलाचे) 1930 साल 186 वर आणि महाराष्ट्र राज्याची स्थापना 192 वर. शिलालेख आणि शिवजन्म यांच्या मध्ये सव्वा मीटर रिकामा कागद दिसतो. त्या रिकाम्या जागेत काय काय झाले हा सहावी-सातवीचा सबंध तास आहे. रोलचे एक टोक एका मुलाच्या आणि दुसरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे, भिंतीची गरज नाही.

राहिली टाचण वही. छापील रकान्यांची कोरी वही घ्यायला हरकत नाही, महाविद्यालयाने ठरवून दिलेला आराखडा असेल तर पर्यायही नसतो. घेताना फलक लेखनाचा चौकोन आणि विद्यार्थी कृतीचा रकाना बघा. बहुतेक वह्यांत शिक्षक कृतीला अर्धे पान आणि विद्यार्थी कृतीला दोन बोटे जागा असते. मग तिथे 'विद्यार्थी ऐकतात' याशिवाय काही लिहिलेच जात नाही आणि जे लिहिले जात नाही ते वर्गातही होत नाही.

लिहून तयार असलेली टाचणे मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नयेत. त्यांची खोड ठरलेली आहे. उद्दिष्टांत ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य सगळे ओळीने, खाली मूल्यमापनात मात्र पाचही प्रश्न स्मरणाचे. 35 मिनिटांच्या तासिकेत सहा-सात मुद्दे भरलेले, जेव्हा हजेरी, मागची उजळणी आणि फळा पुसणे वजा जाता तीनच नीट होतात. प्रास्ताविक तर सगळीकडे एकच: आपल्या देशाचे नाव काय, आपल्यावर कोणाचे राज्य होते, आपण स्वतंत्र कधी झालो, आणि मग 'तर मुलांनो, आज आपण' अशी घोषणा. आठवीच्या मुलाला देशाचे नाव विचारायचे म्हणजे त्याचा पाणउताराच. सविनय कायदेभंगाचा पाठ सोलापुरात घेताना चार हुतात्मा पुतळ्यांपासून सुरुवात करता येते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. फाशी पुण्यात आणि पुतळे सोलापुरात का, एवढा एक प्रश्न पुरतो. 1930 च्या मेमध्ये इथे काय घडले, मार्शल लॉ म्हणजे नेमके काय थांबते, गिरणी कामगार त्यात कसे आले, हे सगळे त्या एका प्रश्नामागून येते. आठवीच्या पाठ्यपुस्तकातही सोलापूरच्या सत्याग्रहाचा भाग आहे, म्हणजे निरीक्षकाने 'आशय सोडला' असा शेरा मारायला जागा नाही. पुस्तक हाताशी नसेल तर ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत आहे. प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद गप्प राहावे आणि ते टाचणात तसे लिहावे, कारण नवख्या शिक्षकाला ते तीन सेकंद सहन होत नाहीत आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. सोलापूरच्या बऱ्याच वर्गांत घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुले असतात. त्यांचे उत्तर आधी डोक्यात तयार होते, मराठीत यायला क्षणभर लागतो. तयार टाचणात प्रत्येक प्रश्नासमोर अपेक्षित उत्तराचे पूर्ण, शुद्ध वाक्य छापलेले असते आणि छात्राध्यापक ते वाक्य ऐकू येईपर्यंत बाकीची बरोबर उत्तरे नाकारत बसतो.

शेवटी काउंटरच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला नकाशाचा रबरी शिक्का. सेटमध्ये नसतो, वेगळा मागावा लागतो, आणि जरूर घ्यावा. महाराष्ट्र आणि भारत असे दोन पुरेत. पन्नास वह्यांत आराखडा उमटवायला मधली सुट्टी पुरते आणि छापील आराखडा नकाशांचा खर्च वाचतो. घेताना दुकानातल्याच कागदावर उमटवून कोकणची रेषा अखंड येते का पाहावे, झिजलेल्या साच्याचा शिक्का तिथेच तुटक उमटतो. पॅडला पाण्याची शाई वापरावी. तेलकट शाई वहीच्या मागच्या पानावर उतरते, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला अरबी समुद्रातून भाषेचा गृहपाठ लिहावा लागतो.